वृंदाच्या मक्यावर दोन फवारण्या

१० फेब्रुवारी

आज मका पेरला. कंपनीत असताना तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतांच्या नोंदी ठेवल्या, माल्द्याच्या आणि दिनाजपूरच्या. स्वतःच्या शेताची ही पहिलीच. शेत कसलं, बराकपूरच्या आमच्या घरामागचा रिकामा तुकडा. आठ ओळी बसल्या. पण कीटकनाशकांच्या कंपनीतून निवृत्त झालेला तांत्रिक अधिकारी आठ ओळींचीही नोंद ठेवतो. जित्याची खोड.

कल्पना वृंदाची. ऑपरेशननंतर घरी आली तेव्हा पलंग मागच्या खिडकीपाशी सरकवून घेतला आणि दोन दिवसांनी म्हणाली, "अहो, इथून नुसती भिंत दिसते. काहीतरी लावा." मी जास्वंद म्हटलं. ती म्हणाली, "मका लावा. जळगावला आमच्या मळ्यात असायचा. कोवळं कणीस तोडल्या तोडल्या भाजायचं, दाण्यातलं दूध आत फुटायला हवं." तिला भिंतीलगत एकच लांब ओळ हवी होती. मी समजावलं की मक्याचे पराग वाऱ्यानं पडतात, एका ओळीत कणसं बोडकी राहतात, चौकोनातच लावायला हवा. "म्हणजे माझ्या मक्यात मलाच मत नाही," म्हणाली. मग बी मात्र मूठ मूठ करून तिनंच खिडकीतून दिलं, प्रत्येक मुठीबरोबर एक सूचना.

किमोचा पहिला डोस परवा झाला. चेहरा उतरलाय, पण तोंड चालू आहे. म्हणजे ठीक आहे.

२८ फेब्रुवारी

पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, लष्करी अळी दिसली. भिंग घेऊन ठरल्याप्रमाणे नागमोडी फिरलो. कडेची चार झाडं बघून कुणी शेताचं भविष्य सांगू नये. खाल्लेली झाडं मोजकीच निघाली. चिमट्यानं अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या.

शेजारचे मजुमदारबाबू भिंतीवरून बघत होते. "दादा, एकटू ओषुध दिये दिन ना." किडा दिसला की औषध घाला, हा सगळ्या जगाचा सल्ला. मी माझं सुरू केलं. कीड दिसणं वेगळं आणि नुकसानीच्या पातळीला पोहोचणं वेगळं. पातळीच्या आत फवारलं तर किडीआधी तिला खाणारे मरतात, ढालकिडे, क्रायसोपा, आणि मग कीड मोकळी सुटते. खिडकीतून वृंदा बंगालीत त्यांना काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसले. नंतर विचारलं तर म्हणे, "मी त्यांना खुर्ची आणायला सांगितली. म्हटलं, हे भाषण उभ्यानं ऐकवत नाही."

९ मार्च

नवीन खूळ. वृंदा मला बंगाली शिकवतेय. कलकत्त्यात आयुष्य गेलं, पण ऑफिसात इंग्रजी, शेतकऱ्यांशी हिंदी आणि घरात मराठी, त्यामुळे माझं बंगाली 'की दाम' आणि 'भालो' यांच्यापुढे गेलंच नाही. दूधवाला, गॅसवाला, प्लंबर सगळे तिच्या खात्यात. आता म्हणते, दूधवाल्याशी तुम्हीच बोलायचं, मी पलंगावरून ऐकणार. आज मी त्याला बहुधा उद्या दूध नको असं सांगितलं. तो दोन लिटर ठेवून गेला.

मी वैतागलो. म्हटलं, तू चार महिन्यांत उठून कामाला लागशील, मग ही शिकवणी कशाला? ती म्हणाली, "पुढच्या वेळेला मी दवाखान्यात असले म्हणजे?" हे पटलं. डोस लांबला तर राहावं लागतं तिकडे दोन-दोन दिवस.

३० मार्च

पाडवा. आमची मुलगी केतकी न्यू टाउनहून रात्रीच आली होती. गुढी गच्चीवर तिनं उभारली. साखरेची गाठी इथं मिळत नाही, म्हणून बत्ताशांची माळ केली. वृंदा गच्चीवर येऊ शकली नाही. तिला गुढी दिसावी म्हणून केतकीनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. श्रीखंड चमच्याच्या टोकाला लावून चाटलं तिनं, आणि नंतर ओकारी.

मका छातीएवढा झालाय. पानं रुंद, हिरवीकंच. एकही फवारणी नाही. मजुमदारबाबूंना मुद्दाम आत बोलावून दाखवला.

७ एप्रिल

आज स्कॅनचा रिपोर्ट. सियालदहपर्यंत लोकल, पुढे टॅक्सी. दवाखान्यात गर्दी नेहमीसारखीच. डॉक्टर सान्याल भला माणूस, पण बंगाली बोलणारं कुणी समोर दिसलं की इंग्रजी विसरतो. केतकीला बाजूला घेऊन बराच वेळ बोलला. मी वृंदाच्या खुर्चीमागे उभा होतो. 'लिभार', म्हणजे लिव्हर, एवढं कळलं. केतकी परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "बाबा, एसी खूप जोरात आहे इथे." मग सांगितलं की डॉक्टर औषध बदलणार आहेत, आधीचं नीट काम नाही करत आहे. औषध बदलणं मला समजतं. एकच गट सारखा वापरला की कीड त्याला दाद देईनाशी होते, गट बदलावा लागतो. शेतकऱ्याला हेच तर सांगायचो. मी वृंदालाही टॅक्सीत हे समजावलं. तिनं माझा हात धरून ठेवला होता.

८ एप्रिल

काल संध्याकाळी फवारलं.

लिहायचं नव्हतं, पण नोंद म्हणजे नोंद. दवाखान्यातून आलो, वृंदा झोपली, केतकी मोरीत नळ सोडून बसली होती. मी मागे गेलो. तुरे बाहेर पडलेत. चार-पाच तुऱ्यांवर मावा होता, काळसर, चिकट. ढालकिडेही होते. मी पाहिले. तुऱ्यावरचा एवढासा मावा, त्याला खाणारे हजर, वर पराग झडायची वेळ. दुसऱ्या कुणी अशात पंप उचलला असता तर मी त्याला सगळ्या गावासमोर झापलं असतं. आणि मी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, डबा आणला, हातमोजे, मास्क, चष्मा सगळं नीट चढवलं, मोजून मात्रा घेतली, वाऱ्याकडे पाठ केली आणि आठही ओळींवर फवारलं. नियम सगळे पाळले, एवढंच की फवारायचं नव्हतं.

तिच्या मक्यावर एकही किडा नको, असं वाटलं. दुसरं कारण नाही.

सकाळी पानांवर ढालकिडे उताणे पडले होते.

१५ एप्रिल

बंगाल्यांचं नवीन वर्ष. मजुमदारबाबूंकडून संदेशची पेटी आली. वृंदानं एक तुकडा जिभेवर ठेवला.

दुपारी तिनं विचारलं, "अहो, तुमची ती पातळी असते ना, जिच्याआधी फवारायचं नाही. तशी दुसरी नसते का? जिच्यानंतर फवारून उपयोग नाही?"

असते, म्हटलं. मक्याचा दाणा एकदा घट्ट व्हायला लागला की पानांतला रस शोषणारे बारीक कोळी कितीही वाढू देत, औषध घालून पिकाला काही मिळत नाही. नुसता खर्च, आणि जमिनीला विष. शेतकऱ्याला हे पटवणं सगळ्यात कठीण. त्याला वाटतं, हात बांधून कसं बसायचं?

"मग तुम्ही काय सांगायचात त्याला?"

"पंप ठेव म्हणायचो. पाणी दे, आणि जे पदरात पडेल ते नीट काढून घे."

"हं," म्हणाली. मग उशी सारखी करत, "सान्याल डॉक्टरांनाही कुणीतरी हे सांगायला हवं."

मला राग आला. माणूस म्हणजे मका नव्हे, असं जरा मोठ्यानंच बोललो. नवीन डोस सोमवारी ठरलाय आणि तो घ्यायचा आहे. केतकी दारात उभी होती. ती आत गेली. ही मुलगी हल्ली सारखी रजा घेते. ऑफिसात बोलणी बसतील.

२२ एप्रिल

सोमवारचा डोस झाला. कालपासून पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. ओठांना तूप लावतो. त्वचा कागदासारखी झालीय. मला भीती वाटते. हे केतकीला सांगितलं नाही, तिला कशाला आणखी?

२३ एप्रिल

कोळी. खालच्या पानांवर पिवळट ठिपके दिसले तेव्हा वाटलं पाणी कमी पडतंय. पान उलटून भिंग लावलं, तर बारीक जाळी आणि तिच्यात लालसर ठिपके हलतायत. उन्हाळा कोरडा, आणि त्यांना खाणारे मी स्वतः मारलेले. पहिलीच फवारणी ही कीड जन्माला घालते, हे मी चित्रं दाखवून शिकवायचो. चित्रातलं पान आता दारात आहे.

शास्त्र काय सांगतं तेही माहीत आहे. कोळी अजून खालच्या पानांवरच आहेत, कणसाच्या वर गेलेले नाहीत. वर चढतायत का ते रोज बघायचं, पाणी द्यायचं, थांबायचं. एखादी कालबैशाखी, म्हणजे इकडचं उन्हाळी वादळ, आली, जोराचा पाऊस झाला, तर निम्मे धुऊन जातात.

२४ एप्रिल

माझ्यानं थांबवलं नाही. कोळीनाशक आणून फवारलं.

वृंदा खिडकीतून बघत होती. मास्कमधून मला बोलता येईना, मी हातानं खिडकी लाव अशी खूण केली. तिनं लावली नाही, नाकाला पदर लावून बसून राहिली. शेवटी केतकीनं येऊन लावली.

डबा तीनदा खंगाळला, ते पाणी पंपातच ओतलं, डब्याला भोकं पाडली. प्रतीक्षा कालावधी, म्हणजे फवारल्यापासून कणीस खाईपर्यंत सोडायचा काळ, डब्यावर तीन आठवडे आहे. १५ मेपर्यंत एकही कणीस तोडायचं नाही. कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं.

२७ एप्रिल

कालबैशाखी आली. दुपारी आभाळ काळं झालं, मजुमदारबाबूंचा पत्रा आमच्या अंगणात आला आणि तासभर असा पाऊस, की समोरचं दिसेना. मक्याची दोन झाडं आडवी झाली, बाकी शाबूत. पानं धुऊन लख्ख. तीन दिवस थांबलो असतो तर औषधाची गरजच नव्हती.

२ मे

वृंदा आज उशीला टेकून बसली. सकाळपासून बरी दिसतेय, आवाजही मोकळा आहे. नवीन औषध लागू पडलं असणार. सान्यालांना फोन करून सांगितलं. ते "हँ, हँ, भालो," म्हणाले.

संध्याकाळी तिनं खिडकीबाहेर बोट केलं. "कणसांच्या मिशा सुकल्या. भरली ना हो?"

भरली होती. मी सकाळीच एक सोलून, दाण्यात नख रुतवून पाहिलं होतं. दूध आलं.

"एक भाजून आणा ना मला. तिखट-मीठ नको, नुसतंच."

कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून काही खायला मागितलं. पण फवारून आठवडाच झालाय. मी दारावरच्या कागदाकडे बघितलं आणि सांगितलं, आत्ता नाही, पंधरा तारखेनंतर.

"मला काय होणार आहे आता त्या औषधानं?"

"काय होणार म्हणजे? किमोनं अंगात त्राण नाही. अशा माणसानं तर मुळीच खायला नको. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आणि घरात तुलाच खायला घालू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. केस गेल्यापासून तिचे डोळे फार मोठे दिसतात. मग म्हणाली, "बरं. पंधरा तारखेला खाऊ."

मला हायसं वाटलं. हट्टी आहे, पण समजावलं की ऐकते.

३ मे

तिला कणीस हवं होतं ते डोक्यातून जाईना. औषध मारलेलं नको, तर दुसरं आणावं. बराकपूर बाजारात कोवळं मिळालं नाही. मग सियालदहला गेलो, तिथून एस्प्लनेड. आमचं जुनं ऑफिस होतं त्या कोपऱ्यावर भुट्टेवाला असतो. त्याच्याकडचे निबर. शेवटी मेट्रोच्या दाराशी उकडलेल्या दाण्यांचा कागदी पेला मिळाला, वर लोणी. पेला छातीशी धरून परत आलो. सकाळी निघालो होतो, घरी यायला संध्याकाळ झाली. गाड्या उशिरा होत्या.

वृंदानं दोन दाणे खाल्ले. "छान आहेत," म्हणाली. "एवढ्या उन्हात कशाला गेलात? इथं बसायचं होतंत." केतकी स्वयंपाकघरात होती, बाहेर आली नाही.

अर्ध्याहून जास्त पेला मीच संपवला. वाया कशाला घालवायचा?

६ मे

झोपून असते. मध्येच जागी होते, जळगावचं काहीतरी बोलते. अशक्तपणा आहे. १५ तारखेला कणसं कशी भाजावी, विचार करतोय. कोळशाची शेगडी मजुमदारबाबूंकडे आहे, ती मागून ठेवली. त्यांनी शेगडी हातात दिली आणि माझा हात सोडेनात. डोळ्यांत पाणी. बंगाली माणूस हळवा.

९ मे

वृंदा आज सकाळी गेली.

१३ मे

लिहायला बसतो आणि उठतो.

सगळ्यांना माहीत होतं. केतकीला सात एप्रिललाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. वृंदानं त्याच संध्याकाळी तिच्याकडून काढून घेतलं. मजुमदारबाबूंना माहीत होतं, दूधवाल्यालासुद्धा. सोमवारचा तो डोस तिनं माझ्यासाठी घेतला. मी ओरडलो म्हणून घेतला. केतकी म्हणते, "बाबा, आई म्हणत होती, त्यांना शेवटपर्यंत फवारू दे, नाहीतर ते मोडतील."

मी मोडलोच आहे. घरभर फिरतो आणि खिडकीपाशी येऊन थांबतो. तिचा पलंग परत भिंतीकडे सरकवायला हात होत नाही. रडू आलं की नळ सोडतो, आणि नळाच्या आवाजानं केतकी उठून येते.

१५ मे

आज कालावधी संपला. कणसं खायला हरकत नाही.

सकाळी मागे गेलो. मिशा काळ्या पडल्यात. एक सोलून नख दाबलं. दाणा घट्ट, दूध गेलं. कोळी कुठेच नाहीत. पीक निरोगी आहे.

एकही कणीस तोडलं नाही. शेगडी मजुमदारबाबूंना परत केली. दूधवाल्याला आज अर्धाच लिटर सांगितलं, त्यानं बरोबर अर्धाच दिला.

१९ मे

केतकी उद्यापासून ऑफिसला जाणार. बॅग भरून झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, एक सांगायचं राहिलंय. रागावू नका."

तिचं मराठी सावकाश येतं, मध्ये हिंदी-बंगाली लागतं. मी थांबून ऐकलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

"तुम्ही एस्प्लनेडला गेलात ना, तेव्हा मी मागून एक भुट्टा तोडला. कणीस. आईनं सांगितलं नव्हतं, मीच. गॅसवर भाजलं. मला वाटलं, आता कसला नियम. तिला नेऊन दिलं. तिनं दोन्ही हातांत धरलं, गरम होतं तरी. किती तरी वेळ वास घेत होती. म्हणाली, वासावर काही तुझ्या बाबांची बंदी नाही."

"खाल्लं?" मी विचारलं.

"नाही. मी खूप म्हटलं. म्हटलं, खा ना, बाबांना कोण सांगणार आहे? तिला खूप खायचं होतं, बाबा, मला दिसत होतं. तोंडाजवळ नेलं. मग परत दिलं. म्हणाली, कचऱ्यात टाक, बाहेर गाय असेल तिला घालू नकोस, औषधाचं आहे."

"माझं ऐकलं तिनं," मी म्हटलं.

केतकीनं मान हलवली. "तसं नाही. मी विचारलं ना तिला, एवढं काय बाबांना घाबरतेस. ती म्हणाली, मी हे खाल्लं आणि चार दिवसांनी गेले, तर आज ना उद्या तुझ्या तोंडून त्यांना कळेल. मग तुझे बाबा जन्मभर समजतील की मी त्यांच्या फवारणीनं गेले. राहू दे. एका कणसासाठी नको."

केतकी झोपायला गेली. मी इथं बसलोय.

वृंदानं मला बरोबर ओळखलं होतं. मी तसंच समजलो असतो, आणि कुणाचं ऐकलं नसतं. तेवढ्या एका गोष्टीतून तिनं मला सोडवलं, तोंडापाशी आलेला घास परत देऊन. पण तिनं मागितलं आणि मी नाही म्हटलं, याचं मी काय करायचं, ते तिनं केतकीपाशी सांगून ठेवलेलं नाही.